सरकारी जमीन मोजणी आणि रयतेचा हरकतीचा अधिकार : मुंबई इलाख्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जमिनीची मोजणी ही वरवर पाहता केवळ तांत्रिक बाब वाटते. साखळी टाकायची, दगड रोवायचे, नकाशा काढायचा आणि क्षेत्र लिहायचे, एवढेच तिचे स्वरूप असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात मोजणी हा राज्यसत्ता आणि रयत यांच्यातील संबंधांचा पाया राहिला आहे. मोजणीतून चार गोष्टी निश्चित होतात. पहिली जमिनीचे क्षेत्र, दुसरी तिची प्रत, तिसरी तिच्यावरील आकार म्हणजे सारा आणि चौथी त्या जमिनीवरील हक्काची नोंद. यांपैकी एकीतही चूक झाली, तर तिचे परिणाम एका पिढीपुरते मर्यादित राहत नाहीत. बांध सरकतो, सारा वाढतो, किंवा कसणाऱ्याचे नाव कागदावरून नाहीसे होते.

म्हणूनच सरकारने केलेली मोजणी चुकीची आहे असे म्हणण्याचा अधिकार सामान्य माणसाला केव्हा, कसा आणि कितपत मिळाला, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत निबंधात मुंबई इलाख्यातील, विशेषतः दख्खन, कोकण, कारवार आणि दक्षिण गुजरात येथील अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. आज महाराष्ट्रात उपलब्ध असलेली हरकत व अपिलाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने घडत गेली. तिच्या घडणीत अर्ज, सभा, दावे आणि सत्याग्रह यांचा मोठा वाटा आहे. ज्या ठिकाणी सरकारी आकड्याला लोकांनी स्वतः जमवलेल्या आकड्यांनी उत्तर दिले, त्या ठिकाणी हरकतीला बळ आले, असे या इतिहासावरून दिसते.

ब्रिटिशपूर्व मोजणी आणि गावाचा सहभाग

महाराष्ट्रात पद्धतशीर मोजणीची परंपरा ब्रिटिशांपूर्वीची आहे. निजामशाहीत मलिक अंबर याने केलेली जमाबंदी सर्वश्रुत आहे. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीत पाच हात व पाच मुठी लांबीची काठी प्रमाण मानली गेली. वीस काठी लांब व वीस काठी रुंद क्षेत्राचा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर, असा हिशेब होता. पेशवाईत कमाल आकारणी झाली आणि ‘कमाल’ हा शब्द पुढे गावाच्या पूर्ण आकाराचा निदर्शक बनला.

या काळात मोजणीविरुद्ध हरकत घेण्याची लेखी कार्यपद्धती नव्हती. परंतु जमाबंदी ही बहुधा गावाशी ठरत असे, प्रत्येक शेतकऱ्याशी नव्हे. पाटील, कुलकर्णी, देशमुख व देशपांडे हे मध्यस्थ होते. आकार जड झाला तर घासाघीस होत असे आणि सूट मिळवली जात असे. शिवेचे तंटे गोतसभेपुढे येत. तेथे जाणत्या माणसांच्या साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि प्रसंगी दिव्यही करावे लागे. या व्यवस्थेत वतनदारांचे वर्चस्व होते आणि कनिष्ठ जातींच्या कसणाऱ्यांना स्वतंत्र आवाज फारसा नव्हता. तथापि मोजणीचा निर्णय गावाच्या ज्ञानापासून पूर्णतः तुटलेला नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ब्रिटिश भूमापनाने नेमका हाच धागा तोडला.

प्रिंगल यांची मोजणी : हरकतीविना मोजणीचे परिणाम

इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात आला. प्रारंभी एल्फिन्स्टन यांनी जुनी पद्धत शक्यतो कायम ठेवण्याचे धोरण स्वीकारले. पुढे रयतवारी पद्धतीसाठी प्रत्येक शेताचे स्वतंत्र मोजमाप आवश्यक ठरले. १८२७ च्या सुमारास आर. के. प्रिंगल यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले.

प्रिंगल यांच्यावर रिकार्डो यांच्या खंडविषयक सिद्धान्ताचा प्रभाव होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यावे, असे त्यांचे सूत्र होते. कागदावर ही पद्धत अत्यंत काटेकोर होती. परंतु निव्वळ उत्पन्न ठरविण्यासाठी लागणारी माहिती हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी जमवली होती आणि तिची पुरेशी पडताळणी झाली नव्हती. कर्मचाऱ्यांच्या लाचखोरीमुळे प्रतवारीत फेरफार झाले. त्यातच धान्याचे भाव घसरले.

१८३० पासून ही आकारणी लागू झाली आणि इंदापूरसारख्या तालुक्यात तिचे दुष्परिणाम लवकरच दिसू लागले. सारा वसूल होईना. जमिनी पडीक पडू लागल्या. अनेक शेतकरी गाव सोडून परागंदा झाले. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. आकारणी चुकीची आहे हे सांगण्यासाठी रयतेकडे कोणतेही प्रभावी व्यासपीठ नव्हते. त्यामुळे तिने जमीन सोडून देण्याच्या मार्गाने आपली हरकत नोंदविली. ओसाड शेते हाच रयतेचा अर्ज ठरला आणि सरकारला तो वाचावा लागला.

गोल्डस्मिड व विंगेट यांची पद्धत

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर येथे नव्याने काम हाती घेतले. १८३६ मध्ये तेथे तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली. पुढे या पद्धतीची तत्त्वे गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात मांडण्यात आली. मुंबई इलाख्याच्या भूमापनाचा तो आधारग्रंथ ठरला.

या पद्धतीत निव्वळ उत्पन्नाचा सैद्धान्तिक हिशेब सोडून देण्यात आला. जमिनीच्या पोतानुसार व खोलीनुसार नऊ प्रती ठरविण्यात आल्या आणि त्यांचे परस्परमूल्य आण्यांत मांडण्यात आले. उत्कृष्ट जमीन सोळा आणे मानली जाई. मोजणीसाठी ३३ फुटांची साखळी वापरली जाई. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे आजही खेड्यापाड्यांत रूढ असलेले कोष्टक याच व्यवस्थेतून आले. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीचे दगड बसले आणि टिपण, प्रतिबुक, शेतवार पत्रक, आकारबंद व गावनकाशा असे अभिलेख निर्माण झाले.

रयतेच्या दृष्टीने या पद्धतीत दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे तीस वर्षांची हमी. दुसरी म्हणजे राजीनाम्याची सोय. सारा परवडत नसेल तर शेतकरी राजीनामा देऊन आपला सर्व्हे नंबर सोडू शकत असे. घ्यावयाची असल्यास कबुलायत द्यावी लागे. अधिकाऱ्यांच्या मते हाच रयतेचा सर्वांत मोठा बचाव होता. आकार जड असेल तर लोक जमीन सोडतील आणि सरकारला दर कमी करावा लागेल, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. परंतु ज्याच्याकडे उपजीविकेचे दुसरे साधन नाही, त्याच्यासाठी राजीनामा हा अधिकार नव्हे, तर विनाश होता. मोजणी वा प्रतवारी चुकीची असूनही जमीन न सोडता दाद मागण्याची सोय मात्र अद्याप दुबळीच होती.

फेरआकारणी आणि पुणे सार्वजनिक सभा

पहिल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत १८६६-६७ पासून संपू लागली. दरम्यान १८६५ चा मुंबईचा पहिला कायदा संमत झाला आणि भूमापन व जमाबंदीस कायद्याचे स्वरूप प्राप्त झाले. धारकाने स्वखर्चाने केलेल्या सुधारणांवर फेरआकारणीत सारा वाढवू नये, हे तत्त्व त्यात समाविष्ट होते. मात्र फेरआकारणीचा काळ विलक्षण होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव भडकले होते. युद्ध संपताच ते कोसळले. तेजीच्या काळातील भाव डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले दर मंदीच्या काळात रयतेकडून वसूल होऊ लागले. इंदापूर, भीमथडी, हवेली या तालुक्यांत तक्रारी वाढल्या.

या तक्रारींना संघटित रूप देण्याचे कार्य पुणे सार्वजनिक सभेने केले. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी होते आणि १८७१ मध्ये पुण्यात आलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे वैचारिक मार्गदर्शन तिला लाभले. १८७२ मध्ये सभेने दख्खनमधील शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमली आणि १८७३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. या घटनेचे महत्त्व केवळ अहवालातील निष्कर्षांत नाही. जमिनीची स्थिती, साऱ्याचा बोजा व कर्जाचे प्रमाण यांविषयी माहिती गोळा करण्याचा अधिकार आतापर्यंत केवळ सरकारचा मानला जात होता. सभेने तो मक्ता मोडला. सरकारी चौकशीला लोकांच्या चौकशीने उत्तर देण्याचा हा इलाख्यातील महत्त्वाचा प्रयत्न होता.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १८७४ मध्ये मुंबई सरकारने फेरआकारणीतील वाढीवर मर्यादा घातल्या. तालुक्यात किंवा गावांच्या गटात सरासरी ३३ टक्के, एका गावात ६६ टक्के आणि एका धारकाच्या जमिनीवर १०० टक्के यांपेक्षा अधिक वाढ सर्वसाधारणपणे होऊ नये, असे ठरले. वैयक्तिक धारकाचा सारा दुप्पट होण्यास अजूनही वाव होता, हे यावरून दिसते. तरीही सरकारच्या मर्जीवर असलेल्या आकड्याला प्रथमच जाहीर कुंपण पडले.

ही सवलत अनेकांच्या बाबतीत उशिरा आली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंग्यास सुरुवात झाली आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत सावकारांची कर्जखते जाळली गेली. दंग्याचे प्रत्यक्ष लक्ष्य सावकार होते, सरकारी मोजणी नव्हे. परंतु चौकशी आयोगाचे सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी फेरआकारणीच्या पद्धतीवर स्वतंत्रपणे टीका केली. अर्ज ऐकला जात नाही तेथे असंतोष दुसरी वाट शोधतो, हे या प्रकरणाने अधोरेखित केले.

न्यायालयाचे दार : कारवारचा खटला आणि १८७६ चा कायदा

दख्खनची रयत अर्ज करीत होती, त्याच सुमारास कारवारच्या जमीनधारकांनी न्यायालयाचा मार्ग धरला. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि तेथे मुंबईच्या पद्धतीने मोजणी व आकारणी सुरू झाली. येथील धारकांचा दावा असा होता की, त्यांची मालकी प्राचीन आहे आणि पूर्वापार ठरलेल्या आकारापलीकडे सारा वाढविण्याचा अधिकार सरकारला नाही. वैकुंठ बापूजी विरुद्ध मुंबई सरकार या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात १८७५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. मुख्य न्यायाधीश वेस्ट्रॉप यांच्या निकालपत्रात या मालकीच्या इतिहासाची सविस्तर छाननी झाली. वाढीव सारा रोखण्याच्या मागणीला यश आले नाही. परंतु सरकारी आकारणी न्यायालयात तपासली जाऊ शकते, ही बाब सरकारला अस्वस्थ करण्यास पुरेशी होती.

१८७६ चा दहावा कायदा, म्हणजे मुंबई महसूल अधिकारितेचा कायदा, याच पार्श्वभूमीवर आला. त्याच्या चौथ्या कलमाने साऱ्याची रक्कम, आकारणीची पद्धत, तिच्यामागील तत्त्व आणि भूमापन वा जमाबंदीच्या अधिसूचनेची वैधता यांविषयीच्या हरकती दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढल्या. अकराव्या कलमाने आणखी एक अट घातली. जे दावे करता येण्याजोगे होते, तेही महसूल अधिकाऱ्यांकडील सर्व अपिले संपविल्याखेरीज दाखल करता येऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. खासगी व्यक्तींमधील हक्काचे वाद मात्र न्यायालयात नेता येत.

या कायद्याने हरकतीच्या अधिकाराची स्पष्ट विभागणी झाली. ‘ही जमीन माझी की शेजाऱ्याची’ हा प्रश्न न्यायालयापुढे नेता येई. ‘या जमिनीवर सरकारने लावलेला सारा योग्य की अयोग्य’ हा प्रश्न मात्र ज्या खात्याने सारा लावला त्याच खात्यापुढे न्यावा लागे. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच न्यायाधीश, अशी ही स्थिती होती. पुढील अर्धशतकातील बहुतेक संघर्ष या विसंगतीतून निर्माण झाले.

खोती प्रश्न : हरकत कोणाची?

मोजणीविरुद्धची प्रत्येक हरकत ही सर्व जनतेची हरकत असतेच असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील खोती प्रश्न याचे उदाहरण होय. १८६५ च्या कायद्यान्वये भूमापन अधिकाऱ्यांना खोतांच्या गावांत कुळांची देणी निश्चित करण्याचा अधिकार मिळाला. खोतांनी याला कसून विरोध केला. आपल्या परंपरागत हक्कांवर सरकारने घाला घातला आहे, अशी त्यांची भूमिका होती आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या विद्वान कायदेपंडिताने ती मांडली. अखेरीस १८८० चा खोती जमाबंदी कायदा अस्तित्वात आला.

कुळांच्या दृष्टीने मात्र सरकारी मोजणी हे नोंद मिळविण्याचे साधन होते. खोताच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या कुळाला सरकारी कागदात नाव लागणे ही संरक्षणाची पहिली पायरी होती. अर्ज लिहिणे, वकील देणे, परिषदेत प्रश्न मांडणे ही साधने खोतांपाशी होती, कुळांपाशी नव्हती. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा कुळांचा आवाज विधिमंडळात पोचला. खोतीचे निर्मूलन १९४९ च्या कायद्याने झाले. हरकतीची सोय ज्याला परवडते त्यालाच ती उपयोगी पडते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

सीमा आणि हक्कनोंद : १८७९ ते १९१३

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने भूमापन, सीमानिश्चिती, अपील व फेरतपासणी यांविषयीचे नियम एकत्र केले. गावाच्या व शेताच्या हद्दीविषयी वाद उद्भवल्यास त्याचा निर्णय करण्याची पद्धत तीत होती. निर्णीत हद्द दोन्ही बाजूंच्या धारकांवर बंधनकारक ठरत असे. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध वरिष्ठाकडे अपील करता येई.

यापुढील महत्त्वाचा टप्पा १९०३ चा हक्कनोंदीचा कायदा होय. मूळ भूमापन हे साऱ्यासाठी होते. सारा कोण भरतो एवढेच त्यातून कळे. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, हे कळत नसे. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली आणि १९१३ मध्ये तिची तरतूद महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आली. हक्कात बदल झाला की त्याची वर्दी द्यावी, फेरफाराची नोंद चावडीवर प्रसिद्ध करावी, हितसंबंधितांना नोटीस द्यावी, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी आणि चौकशीनंतरच नोंद प्रमाणित करावी, अशी ही पद्धत होती. प्रमाणित नोंद खरी मानली जाई, परंतु विरुद्ध पुरावा देऊन ती खोडून काढता येई. नोटीस, मुदत, सुनावणी आणि कारणासह निर्णय या चार पायऱ्या गावपातळीवर प्रथमच लेखी स्वरूपात आल्या.

बारडोली : आकड्यांची फेरतपासणी

साऱ्याच्या प्रश्नावर मात्र न्यायालयाचे दार बंदच होते. १९१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या संयुक्त समितीने जमाबंदीची मुख्य तत्त्वे कायद्याने निश्चित करावीत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात तिची अंमलबजावणी रखडली. अशा स्थितीत सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याची फेरआकारणी झाली आणि १९२७ मध्ये सरकारने सुमारे २२ टक्के वाढ मंजूर केली.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह सर्वपरिचित आहे. जप्त्या झाल्या, जमिनी खालसा झाल्या, तरी शेतकरी डगमगले नाहीत. परंतु सत्याग्रहाची मूळ मागणी अनेकदा दुर्लक्षित राहते. सारा माफ करा अशी ती मागणी नव्हती. आकारणीची निःपक्षपाती फेरचौकशी करा, एवढीच ती मागणी होती. ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड होऊन ही मागणी मान्य झाली.

न्याय खात्यातील ब्रूमफील्ड आणि महसूल खात्यातील मॅक्सवेल यांच्या समितीने बारडोली व चोर्यासी तालुक्यांची चौकशी केली. १९२२ मध्ये महात्मा गांधींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड होत. शेतकऱ्यांच्या बाजूने महादेव देसाई, नरहरी परीख व रामनारायण पाठक यांनी गावोगावची माहिती संकलित करून मांडली. समिती स्वतः गावांत गेली. ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ आधारलेली होती, त्यांची शेतावर जाऊन पुरेशी पडताळणी झालेली नव्हती, असे तिला आढळले. १९२९ च्या अहवालात समितीने सुमारे सहा टक्के वाढच समर्थनीय ठरविली.

सत्याग्रहाने चौकशी मिळवली, आकडा मात्र पुराव्याने खाली आणला. या दोहोंपैकी एक नसता तर दुसरे निष्फळ ठरले असते. सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये जे केले त्याचीच ही परिणती होती. फरक एवढाच की, सभेपाशी चौकशी होती पण सरकारला ती ऐकण्यास भाग पाडणारी शक्ती नव्हती. बारडोलीत दोन्ही एकत्र आल्या. पुढे १९३९ च्या दुरुस्तीने जमाबंदीची तत्त्वे, वाढीच्या मर्यादा, अहवाल प्रसिद्ध करणे, हरकती मागविणे आणि प्रस्ताव विधिमंडळापुढे ठेवणे या बाबी कायद्यात आल्या. कार्यकारी आदेशाच्या जागी कायद्याची चौकट आली, हे या संघर्षाचे स्थायी फलित होय.

स्वातंत्र्योत्तर काळातील हरकतीची चौकट

स्वातंत्र्यानंतर जमीन महसुलाचे राज्याच्या उत्पन्नातील महत्त्व घटले आणि साऱ्याचा वाद मागे पडला. त्याची जागा क्षेत्र, हद्द आणि हक्कनोंद यांच्या वादांनी घेतली. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट क्रमांक झाले. त्या वेळी झालेल्या चुका दुरुस्त करून घेण्यासाठी अनेक कुटुंबांना पुढे दीर्घकाळ कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. जमिनीचे भाव वाढले तसतसे गुंठ्याचे महत्त्व वाढले आणि पूर्वी दुर्लक्षिलेली हातभर चूक आता खटल्याचे कारण ठरू लागली.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. हद्दीच्या वादाचा निर्णय, हद्दीची आखणी आणि निर्णीत हद्दीचा परिणाम यांच्या तरतुदी तिच्या कलम १३२ ते १४६ मध्ये आहेत. फेरफाराची वर्दी, नोटीस व हरकत यांचा विचार कलम १४९ व १५० मध्ये, तर लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा विचार कलम १५५ मध्ये केला आहे. कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. अपिलाची तरतूद कलम २४७ मध्ये असून कलम २५० नुसार त्याची मुदत निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दर्जाप्रमाणे ६० वा ९० दिवसांची आहे. एखादी जमीन सरकारची की व्यक्तीची, असा वाद कलम २० खाली निर्णीत झाल्यास त्याविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करावा लागतो. मुदत चुकली की खरा हक्कही अडचणीत येतो. अज्ञानामुळे होणारे मोठे नुकसान बहुधा येथेच होते.

पहिल्या मोजणीवर आक्षेप असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजणी करून घेण्याची पद्धत भूमिअभिलेख खात्यात रूढ झाली आणि ‘निमताना मोजणी’ या नावाने ती परिचित आहे. दिवाणी दाव्यात न्यायालय कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करवून घेऊ शकते. अशा वेळी केवळ ‘मोजणी चुकली’ एवढे म्हणून भागत नाही. मूळ टिपण, फाळणी, गावनकाशा आणि आकारबंद यांच्याशी नवा नकाशा कोठे विसंगत आहे, हे दाखवावे लागते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे खात्यातील कागद मिळविण्याचे आणखी एक साधन नागरिकांच्या हाती आले. नोटीस न देता वा सुनावणी न घेता निर्णय झाल्यास राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. १८७६ च्या कायद्याने बंद केलेले दार घटनेने काही प्रमाणात पुन्हा उघडले, असे म्हणता येईल.

२४ एप्रिल २०२० रोजी देशपातळीवर सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आणला. ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याची ही योजना आहे. उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. आकाशातून घेतलेले चित्र अचूक असते, परंतु चुन्याची रेघ कोठे ओढायची हे जमिनीवरची माणसे ठरवितात. त्यामुळे हरकत घेण्याची खरी वेळ रेघ ओढताना आणि त्यानंतरच्या चौकशीत असते. कामासाठी परगावी गेलेली कुटुंबे, विधवा आणि वाटणी न झालेल्या घरातील बहिणी त्या वेळी हजर नसतील, तर यंत्राची अचूकता त्यांना तारू शकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, हरकतीची सोय नसलेली मोजणी सरकारच्याही हिताची नसते. प्रिंगल यांची आकारणी बारकाव्यांत कमी नव्हती; चूक वेळीच सांगणाऱ्याला जागा नसल्यामुळे ती कोसळली. दुसरा, हरकत नेमकी कशाविरुद्ध आहे हे ठरविणे आवश्यक असते. क्षेत्र, प्रत, आकार व हक्क यांचे मार्ग इतिहासात वेगवेगळे घडले आणि आजही ते वेगळे आहेत. चुकीच्या दारात केलेला अर्ज खरा असूनही निष्फळ ठरतो. तिसरा, सरकारी आकड्याला केवळ गाऱ्हाण्याने धक्का लागत नाही. १८७३ चा सभेचा अहवाल आणि १९२८-२९ ची बारडोलीतील चौकशी यांवरून प्रति-आकड्याचे सामर्थ्य सिद्ध होते. चौथा, हरकतीचा अधिकार समान असला तरी तो वापरण्याची क्षमता समान नसते. खोताला जे जमले ते कुळाला जमले नाही.

या चौथ्या बाबीत महाविद्यालयांना मोठा वाव आहे. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापकांनी आपल्या परिसरातील टिपणे, गावनकाशे आणि फेरफार नोंदी यांचे वाचन विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, तर स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाबरोबरच कागद वाचू शकणारी एक पिढी गावागावांत तयार होईल. गावात मोजणीची नोटीस येते तेव्हा तिच्यातील मुदत, गट क्रमांक आणि हरकतीचे कलम समजावून सांगणारे माणूस त्याच गावात असणे, ही रयतेच्या दृष्टीने आजही सर्वांत निकडीची गरज आहे.